होडीतली टक्कर : क्रिस्तियान हायगेन्स

ज्या राजपुत्रावरून आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव पडले, तो डच राजपुत्र मॉरिट्स लढवय्या म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला गणिताचीही आवड होती आणि सायमन स्टेव्हिन हा नामांकित गणिती त्याच्या पदरी होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सन १५९८ मध्ये डच गलबते आपल्या किनाऱ्याला लागली तेव्हा खलाशांनी बेटाला त्याचे नाव दिले. मॉरिट्स १६२५ मध्ये वारला व त्याच्या जागी त्याचा सावत्र भाऊ फ्रेडरिक हेन्ड्रिक आला. या फ्रेडरिक हेन्ड्रिकचे चिटणीस होते कॉन्स्टांटिन हायगेन्स. कवी, संगीताचे दर्दी, मुत्सद्दी आणि अनेक भाषांचे जाणकार असे हे गृहस्थ. त्यांच्या घरी हेग शहरात १४ एप्रिल १६२९ रोजी दुसरा मुलगा जन्माला आला. त्याचे नाव क्रिस्तियान. आडनावाचा डच उच्चार आपल्या जिभेला जड जातो, म्हणून मराठी पुस्तकांत रूढ असलेला हायगेन्स हाच उच्चार आपण येथे ठेवू.

शनीचे कडे आणि लंबकाचे घड्याळ यांसाठी हायगेन्स यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. पण आपल्या घरातले जे मूल माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकते, त्याची आणि हायगेन्स यांची खरी गाठ पडते ती निराळ्याच धड्यात. दोन चेंडू समोरासमोर येतात, टक्कर होते, आणि टकरीनंतर कोणता चेंडू किती वेगाने कुठे जाईल, असा प्रश्न असतो. मूल वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार करते, बेरीज करते आणि उत्तर चुकते. कारण एक चेंडू उजवीकडे चालला आहे आणि दुसरा डावीकडे, हे बेरजेत धरायचे राहून जाते. ही चूक काही आजची नाही. सतराव्या शतकात सगळ्या युरोपने ज्याला गुरू मानले त्या माणसाच्या ग्रंथात ती होती, आणि ती दाखवून द्यायला एका तेवीस वर्षांच्या तरुणाला आपल्या वडिलांच्या मित्राविरुद्ध उभे राहावे लागले.

क्रिस्तियान आठ वर्षांचा असताना, १६३७ मध्ये, त्याची आई सुझाना वारली. मागे चार मुलगे व तान्ही मुलगी. वडिलांनी दुसरे लग्न केले नाही. मुलांचे शिक्षण त्यांनी घरीच शिक्षक ठेवून करविले. लॅटिन, गणित, गायन, वाद्ये, चित्रकला, सगळे त्यात आले. क्रिस्तियानचा हात मात्र यंत्रांकडे वळे. लहान लहान चक्क्या, फिरती यंत्रे तो करीत बसे, आणि हे काम खानदानी मुलाला शोभत नाही अशी शिक्षकाची तक्रार असे. वडिलांना मुलाची जात लवकर कळली. ते त्याला लाडाने आर्किमिडीज म्हणत. (याच वेळी, १६३८ मध्ये, डच कंपनीने आपल्या ग्रां-पोरला पहिली वसाहत केली आणि पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणून लावला. आपल्या आजा-पणजांनी ज्या उसासाठी घाम गाळला, त्या उसाचे पहिले कांडे या बेटावर पडले तेव्हा क्रिस्तियान दहा वर्षांचा होता.)

वडिलांच्या स्नेह्यांत एक फ्रेंच गृहस्थ होते, रने देकार्त. फ्रान्स सोडून ते बरीच वर्षे हॉलंडमध्ये राहिले. हायगेन्सांशी त्यांचा पत्रव्यवहार होता, जाणेयेणे होते. १६४४ मध्ये देकार्त यांचा तत्त्वज्ञानाच्या मूलतत्त्वांवरचा मोठा ग्रंथ निघाला. क्रिस्तियानने तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना वाचला. म्हातारपणी त्याने या वाचनाची आठवण लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा की, वाचताना जगातले सगळे काही उलगडल्यासारखे वाटले, आणि जिथे अडले तिथे दोष आपल्याच समजुतीचा असणार असे तो धरून चालला. शाळेत पुस्तक समजले नाही की आपली मुलेही हेच म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. या वेळी नव्हते.

देकार्त यांनी त्या ग्रंथात फार मोठी गोष्ट मांडली होती. जगातील गतीचा एकूण साठा कायम आहे, एका वस्तूची गती कमी झाली तर तेवढीच दुसरीत जाते, असे त्यांनी म्हटले. विचार भव्य होता. पण गती मोजताना त्यांनी वस्तूचा आकार घेतला, तिचा वेग घेतला, दोघांचा गुणाकार केला आणि दिशा सोडून दिली. या हिशेबावर त्यांनी टकरीचे सात नियम बांधले. त्यातला पहिला, दोन सारख्या वस्तू सारख्या वेगाने समोरासमोर आपटल्या तर तितक्याच वेगाने मागे फिरतात हा, बरोबर होता. पुढचे बहुतेक चुकीचे.

सहावा नियम घ्या. एक वस्तू स्थिर आहे. तितकीच दुसरी वस्तू तिच्यावर चार मापांच्या वेगाने आदळते. देकार्त यांच्या मते स्थिर वस्तूला एक माप वेग मिळतो व आदळणारी तीन मापांनी उलटी फिरते. तीन आणि एक चार, हिशेब जुळला! पण आपल्याकडे पेतांक खेळताना नेमका बूल उडवणारा खेळाडू पाहा. त्याचा बूल दुसऱ्या बुलावर अचूक बसला तर दुसरा उडून जातो आणि हा त्याच्याच जागी बसतो. खेळाडू त्याला कारो म्हणतात. कॅरमच्या पाटावर एकसारख्या दोन सोंगट्या घ्या, एक ठेवा व दुसरी बोटाने सरळ तिच्या मध्यावर मारा. मारलेली जवळजवळ जागीच थांबते, ठेवलेली निघून जाते. तीन मापांनी उलटी फिरणारी सोंगटी कोणी पाहिली आहे?

चौथा नियम त्याहून विलक्षण होता. स्थिर असलेली वस्तू मोठी असेल तर लहान वस्तू कितीही वेगाने येवो, मोठीला ती तसूभरही हलवू शकत नाही, आपणच परत फिरते. देकार्त यांना हे डोळ्यांना दिसणाऱ्या अनुभवाविरुद्ध आहे हे माहीत होते. आजूबाजूच्या हवेमुळे, पाण्यामुळे अनुभवात फरक पडतो असे त्यांनी त्यावर म्हटले. तेथे वादच संपला.

क्रिस्तियान १६४५ ते १६४७ लायडन विद्यापीठात कायदा व गणित शिकला, नंतर दोन वर्षे ब्रेडा येथील विद्यालयात होता. वडिलांची इच्छा त्याने राजदूत व्हावे अशी होती. १६५० च्या सुमारास त्यांच्या मालकाचे घराणे सत्तेवरून दूर झाले, तशी ती वाटही बंद झाली. हे एका अर्थी बरेच झाले. मुलगा घरी बसून गणित करू लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत देकार्त स्टॉकहोमला वारले, आणि त्यानंतर त्यांचे शिष्य गुरूहूनही कडवे झाले. असे नेहमीच होते.

१६५२ मध्ये हायगेन्स यांनी टकरीचे नियम तपासायला घेतले आणि ते चुकीचे आहेत अशी त्यांची खात्री पटली. लायडनमधील त्यांचे गणिताचे गुरू फ्रान्स फान स्कूटेन हे देकार्त यांचे निष्ठावंत अनुयायी. शिष्य देकार्त यांच्या चुका काढतो आहे हे कळताच त्यांनी त्याला परोपरीने समजावले, या भानगडीत वेळ घालवू नकोस असे सुचविले. हायगेन्स यांनी गुरूंशी भांडण केले नाही, पण कामही सोडले नाही. १६५६ पर्यंत वस्तूंच्या टकरीवरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ जवळजवळ पुरा झाला होता. तेव्हा त्यांचे वय होते सत्तावीस.

त्या ग्रंथातील युक्ती हॉलंडच्या माणसालाच सुचावी अशी आहे. तिथे गावोगाव कालवे, आणि कालव्यातून संथ चालणाऱ्या होड्या. अशा होडीत एक माणूस उभा आहे अशी कल्पना करा. त्याच्या दोन हातांत दोन दोऱ्या, दोऱ्यांना एकसारखे दोन गोळे टांगलेले. तो दोन्ही गोळे सारख्या वेगाने एकमेकांवर आदळवतो. होडी संथ चालली असेल तर होडीतल्या माणसाला ती चालते आहे की उभी आहे हे गोळ्यांवरून कळणार नाही. गॅलिलिओने हे आधीच सांगून ठेवले होते. तेव्हा होडीतल्या माणसाला काय दिसेल? सारखे गोळे सारख्या वेगाने आपटून सारख्या वेगाने मागे फिरतील. एवढे तर देकार्त यांनाही मान्य होते.

आता काठावर दुसरा माणूस उभा आहे. गोळ्यांचा वेग होडीतल्या माणसाच्या हिशेबाने दोन मापे, आणि होडीही दोन मापांनी पुढे चालली आहे. पुढच्या दिशेने येणारा गोळा काठावरच्या माणसाला दोन आणि दोन, म्हणजे चार मापांनी जाताना दिसतो. मागच्या दिशेने येणारा गोळा? होडी त्याला दोनाने पुढे नेते, तो दोनाने मागे येतो. काठावरून तो जागच्या जागी उभा दिसतो. टक्कर होते. दोन्ही गोळे होडीच्या हिशेबात उलटे फिरतात. काठावरच्या माणसाला आता पहिला थांबलेला दिसतो आणि दुसरा चार मापांनी पुढे गेलेला. एकच टक्कर, पाहणारे दोन. देकार्त यांचा पहिला नियम खरा असेल, तर सहावा खोटा ठरतो. त्यांच्याच घरातून काढलेल्या किल्लीने हायगेन्स यांनी त्यांचेच कुलूप उघडले. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, हवेचा अडथळा काढावा लागला नाही, फक्त होडी लागली.

असमान गोळ्यांसाठी त्यांनी आणखी एक पायरी चढवली. वेग वस्तुमानाच्या उलट प्रमाणात असले, म्हणजे हलका जितक्या पट हलका तितक्या पट वेगवान असला, तर दोघेही आपापल्या वेगाने मागे फिरतात, हे त्यांनी आधी सिद्ध केले आणि मग तेही होडीत ठेवले. आकडे घालून पाहा, मुलांनी वहीत करून पाहावे असे उदाहरण आहे. हलका गोळा एक किलोचा, जड तीन किलोचा. होडीत हलका तीन मापांनी पुढे येतो, जड एका मापाने मागे. होडी एका मापाने पुढे चालली आहे. काठावरून पाहिले तर जड गोळा स्थिर आणि हलका चार मापांनी येणारा. हाच तो देकार्त यांचा चौथा नियम, जिथे जड गोळा कधीच हलायचा नाही. टकरीनंतर होडीत हलका तीन मापांनी मागे, जड एकाने पुढे. त्यात होडीचे एक माप मिळवा. काठावरच्या माणसाला हलका गोळा दोन मापांनी मागे जाताना दिसतो, आणि जड गोळा दोन मापांनी पुढे. जड गोळा हलला!

आता हिशेब मांडू. टकरीपूर्वी एक गुणिले चार, म्हणजे चार. टकरीनंतर देकार्त यांच्या पद्धतीने, दिशा न पाहता : हलक्याचे दोन आणि जडाचे तीन गुणिले दोन सहा, मिळून आठ. चाराचे आठ झाले! गतीचा साठा कायम असतो म्हणणाऱ्याच्या हिशेबात तो दुप्पट झाला. दिशा धरा : पुढे जाणारे सहा, मागे जाणारे दोन वजा, उरले चार. पूर्वीही चार, नंतरही चार. वजाचे एक चिन्ह घातले आणि निसर्गाचा जमाखर्च जुळला. वस्तुमान, वेग व दिशा यांचा मिळून जो गुणाकार होतो त्यालाच आज मराठी पाठ्यपुस्तकांत संवेग म्हणतात, आणि तो टकरीत कमी-जास्त होत नाही या नियमाला संवेग अक्षय्यतेचा नियम.

हायगेन्स यांना याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येकाचे वस्तुमान घेऊन त्याला वेगाने एकदा नव्हे, दोनदा गुणा. आधी एक गुणिले सोळा, सोळा. नंतर एक गुणिले चार अधिक तीन गुणिले चार, म्हणजे चार आणि बारा, पुन्हा सोळा. टणक गोळ्यांच्या टकरीत ही बेरीजही कायम राहते. येथे दिशेचा प्रश्नच येत नाही, कारण वर्ग केला की वजा चिन्ह उरत नाही. पुढे याच बेरजेच्या निम्म्याला गतिज ऊर्जा हे नाव पडले. मुलांचा गोंधळ होतो तो येथे. संवेगाला दिशा आहे, ऊर्जेला नाही. मातीचे दोन ओले गोळे एकमेकांवर आपटून चिकटले तरी संवेग तसाच राहतो, गतिज ऊर्जा मात्र राहत नाही, ती माती दबण्यात व तापण्यात जाते.

ग्रंथाच्या शेवटी त्यांनी एक मौज केली आहे. जड गोळ्याने स्थिर हलक्या गोळ्याला मारायचे आहे. मध्ये मधल्या वजनाचा तिसरा गोळा ठेवला तर हलक्याला वेग कमी मिळेल की जास्त? आपल्याला वाटेल की मध्ये दलाल आला म्हणजे काहीतरी खाणारच. तसे होत नाही. चार किलोच्या गोळ्याने एक किलोच्या गोळ्याला सरळ मारले तर त्याला आदळणाऱ्याच्या वेगाच्या १.६ पट वेग मिळतो. मध्ये दोन किलोचा गोळा ठेवला तर सुमारे १.७८ पट. मधले गोळे जितके वाढवाल तितका वेग वाढतो.

आता एवढे सगळे हाती असताना माणसाने काय करावे? छापावे. हायगेन्स यांनी छापले नाही. कारण एकच नसावे. गुरूंचा विरोध होता, देकार्त यांच्या अनुयायांचा दबदबा होता, आणि स्वतः हायगेन्स यांचा स्वभाव असा की सिद्धतेत एक धागा सुटा दिसला तरी ग्रंथ पेटीतून बाहेर यायचा नाही. शिवाय दुसरी कामे आली. भावाबरोबर भिंगे घासून त्यांनी स्वतः दुर्बीण तयार केली व १६५५ च्या मार्चमध्ये शनीचा सर्वांत मोठा उपग्रह शोधला. त्याला आज टायटन म्हणतात. शनीभोवती पातळ, सपाट, त्याला कुठेही न चिकटलेले कडे आहे हे त्यांनी ओळखले व १६५९ मध्ये जाहीर केले. १६५६ च्या नाताळात त्यांनी लंबकाचे घड्याळ योजले. आधीची घड्याळे दिवसाला पंधरा मिनिटे सहज चुकत, हे काही सेकंदांवर आले. अशा धामधुमीत टकरीचे बाड मागे पडले.

१६६१ च्या वसंतात ते लंडनला गेले. तेथील विद्वान मंडळींनी टांगलेल्या गोळ्यांच्या टकरीचे प्रयोग केले होते, पण नियम हाती लागत नव्हता. हायगेन्स यांनी वजने व वेग विचारून घेतले आणि टकरीनंतर काय होईल ते कागदावर करून दाखविले. प्रयोगाशी ते जुळले. हे पाहणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होते, ज्यांनी पुढे लंडनचे सेंट पॉल देवालय बांधले. पद्धत मात्र हायगेन्स यांनी सांगितली नाही. याच मुक्कामात राजा दुसरा चार्ल्स याचा राज्याभिषेक झाला. सारे लंडन रस्त्यावर लोटले होते आणि हायगेन्स एका दुर्बिणी करणाऱ्याच्या दुकानात बसून सूर्यबिंबावरून बुध सरकताना पाहत होते. राज्याभिषेक आणि बुधाचे अधिक्रमण एकाच दिवशी आले, त्याला त्यांचा काय इलाज!

१६६६ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने त्यांना पॅरिसला नव्या विज्ञान अकादमीत बोलावले. भरघोस तनखा, राजाच्या ग्रंथालयात राहायला जागा. १६६८ च्या शेवटी लंडनच्या रॉयल सोसायटीने गतीचे नियम कळवा अशी विनंती तिघांना केली : जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन आणि हायगेन्स. वॉलिस यांनी न उसळणाऱ्या, चिकटून राहणाऱ्या वस्तूंचे नियम पाठविले. रेन व हायगेन्स यांनी उसळणाऱ्या टणक वस्तूंचे पाठविले, आणि ते एकमेकांशी जुळले. पण १६६९ च्या आरंभी सोसायटीच्या नियतकालिकात वॉलिस आणि रेन यांचे निबंध छापून आले व हायगेन्स यांचा नाही. ज्याने तेरा वर्षांपूर्वी सगळे सिद्ध करून ठेवले होते तोच यादीतून गळाला. त्यांना ते फार लागले. मार्चमध्ये त्यांनी आपले नियम पॅरिसच्या नियतकालिकात फ्रेंचमध्ये छापले, आणि मग सोसायटीनेही त्यांचा लॅटिन मजकूर प्रसिद्ध करून चूक सावरली. त्यात दिशा धरून मोजलेली गती कायम राहते हे स्पष्ट लिहिले होते, आणि टकरणाऱ्या वस्तूंचा सामाईक गुरुत्वमध्य टकरीपूर्वी जसा सरळ व एकसारखा चालत होता तसाच नंतरही चालत राहतो, हेही. सिद्धता मात्र अजूनही दिलेल्या नव्हत्या. सोसायटीकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण बाड तेरा वर्षे पेटीत ठेवणाऱ्याकडेही थोडे बोट जायला हवे असे आम्हांला वाटते.

पुढच्याच वर्षी, १६७० मध्ये, ते फार आजारी पडले. शरीराबरोबर मनही खचले. आपण वाचत नाही असे वाटून त्यांनी पॅरिसमधील इंग्रज वकिलातीच्या चिटणीसाला बिछान्याजवळ बोलावले आणि गतीवरचे आपले कागद लंडनच्या सोसायटीला पोचवण्याची व्यवस्था केली. ज्या सोसायटीने वर्षभरापूर्वी दुखावले होते, तिच्यावरच भरवसा! ते बरे झाले आणि कागद पुन्हा त्यांच्याकडेच राहिले. १६७३ मध्ये अकादमीतील सहकारी मारियोत यांनी टकरींवर एक ग्रंथ काढला. त्यातही हायगेन्स यांचे नाव आले नाही, आणि ही सल त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिली.

त्याच १६७३ साली त्यांचा लंबकाच्या घड्याळावरचा मोठा ग्रंथ निघाला. १६७२ पासून चार वर्षे पॅरिसमध्ये राहिलेल्या लायब्निट्स या जर्मन तरुणाला त्यांनी गणितात वाट दाखवली. वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला पुढे लायब्निट्स यांनीच मोठे महत्त्व मिळवून दिले. न्यूटन यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १६८७ मध्ये आला, त्यात रेन, वॉलिस व हायगेन्स या तिघांनाही टकरीच्या नियमांचे श्रेय दिलेले आहे. न्यूटन यांनी लांब दोऱ्यांवर गोळे टांगून, हवेच्या अडथळ्याचा हिशेब धरून, हे नियम पुन्हा पडताळले. काच, पोलाद, बूच, लोकर, ज्याची उसळी कमी त्याचेही गोळे घेतले. संवेगाचा हिशेब सगळीकडे जुळला.

१६८१ मध्ये पुन्हा आजारपण आले आणि हायगेन्स हेगला परतले. १६८३ मध्ये कोल्बेर वारला. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रॉटेस्टंटांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची सनद रद्द केली. प्रॉटेस्टंट हायगेन्स यांना पॅरिसचे दार बंद झाले. लग्न त्यांनी केले नाही. हेगजवळ फोरबुर्ख येथे वडिलांनी पाण्यात बांधलेले हॉफवेक नावाचे घर होते, तेथे ते बरेचसे एकटे राहिले.

या शेवटच्या काळातील एक काम आपल्या बेटाच्या वाटेवरचे आहे. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहे हे कळायला अचूक घड्याळ हवे. चार मिनिटांची चूक झाली तर एक अंश, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर, हिशेब चुकतो. डच कंपनीने १६८६ मध्ये हायगेन्स यांची घड्याळे आल्कमार या जहाजावर चढवून केप ऑफ गुड होपला पाठविली. तेथे कंपनीचा प्रमुख होता सायमन फान डेर स्टेल, ज्याचा बाप आद्रियान १६३९ ते १६४५ या काळात आपल्या मॉरिशसचा कारभारी होता. परतीचा प्रवास १६८७ मध्ये झाला. घड्याळांच्या वेळेवरून जहाजाची वाट नकाशावर काढली, तर ते आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जमिनीवरून चालत गेलेले निघाले! कोणीही घड्याळे फेकून दिली असती. हायगेन्स यांनी विचार केला की, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, विषुववृत्ताजवळ ती वस्तूंना अधिक बाहेर झोकते, तेथे वजन किंचित कमी भरते आणि लंबक सावकाश हलतो. त्यांच्या हिशेबाने ध्रुव आणि विषुववृत्त यांत हा फरक दिवसाला सुमारे अडीच मिनिटांचा पडतो. ही दुरुस्ती घालताच जहाज पाण्यात आले. त्यांनी १६८८ मध्ये कंपनीला तसा अहवाल दिला. लंबक मात्र उसळत्या समुद्रात टिकणारा नव्हता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसन यांच्या हातून आले.

१६८९ मध्ये ते लंडनला जाऊन न्यूटन यांना भेटले. १६९० मध्ये प्रकाश लाटांच्या रूपाने पसरतो हे सांगणारा त्यांचा ग्रंथ निघाला. ८ जुलै १६९५ रोजी हेग येथे त्यांचा अंत झाला. आपले कागद त्यांनी लायडन विद्यापीठाला दिले होते.

टकरीवरचा ग्रंथ त्या कागदांत होता. १७०३ मध्ये, म्हणजे लिहून झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी आणि लेखक जाऊन आठ वर्षांनी, तो छापला गेला. त्यात एक चित्र आहे : कालव्यात एक होडी, होडीत उभा एक माणूस, काठावर दुसरा, आणि दोघांच्या मधोमध दोऱ्यांना टांगलेले दोन गोळे.